धुतलेल्या तीन नोटा

जव्हारच्या शाखेत कॅशियर असताना मी पाचशेच्या तीन खऱ्या नोटांवर ‘बनावट’ असा शिक्का मारला. स्वतःच्या हातानं, चांगला दाबून.

नोटा दाभोशाच्या लक्ष्मणकाकांच्या. ठाण्याला बांधकामावर राबून आणलेल्या. सोबत मुलगी सुनीता. तिला डी.एड.ला जागा मिळाली होती आणि फीचा ड्राफ्ट त्याच दिवशी कॉलेजात पोचवायचा होता.

आमच्याकडे नुकताच अल्ट्राव्हायोलेट लॅम्प आला होता. साधा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते या जांभळ्या उजेडात निळसर चमकतं. नोटेचा कागद कापसाचा. त्यात हे रसायन नसतं, म्हणून तो काळपटच राहतो. काकांच्या तीन नोटा मात्र ट्यूबलाइटसारख्या उजळल्या. मला कोण आनंद. शाखेत बनावट नोट पकडणारा पहिला मी.

“साहेब, माझे बायकोनं शर्टासंगं धुतल्या त्या. खिशात राहिल्या होत्या.”

“धुतल्यानं नोट खोटी होते होय?”

“नाय होत. तेच सांगतोय ना.”

मॅनेजरनी केबिनमधूनच विचारलं, “लॅम्प काय म्हणतो?”

“चमकतायत, सर.”

“मग मार शिक्का.”

बनावट नोट परत देत नाहीत. जप्त करून पोलिसांना कळवतात. काका दुपारभर जबाब देत बसले. ड्राफ्ट राहिला. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

पाच-सहा महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. तिन्ही खऱ्या. कपडे धुण्याच्या पावडरमध्येही तेच चमकणारं रसायन असतं, ते नोटेच्या कापसात मुरलं होतं. नोट खिडकीकडे धरून वॉटरमार्क आणि आतली तार बघितली असती, तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं. जेवणानंतरच्या लेक्चरला. मी झोपलो होतो.

काकांच्या अंगठ्याची चिठ्ठी घेऊन दीड हजार न्यायला सुनीता एकटीच आली. तीही आता बापासोबत बांधकामावर जात होती. सही करताना दिसलं, सिमेंटनं बोटं फाटली होती. लॅम्प फक्त चमक दाखवतो; खरं-खोटं ठरवायचा पगार मी घेत होतो.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “पुढच्या वर्षी परत फॉर्म भर हं.”

तिनं पैसे पिशवीत ठेवले.

“भरीन. तोवर तुमची बदली होईल ना, साहेब?”