डब्याला ढेकर

"ढेकर आला पाहिजे! मेल्या, ढेकर आला पाहिजे!"

लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, फिल्टरमामा पत्र्याचा एक डबा तान्ह्या पोरासारखा खांद्यावर घेऊन त्याची पाठ थोपटत ओरडत होते. खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. वरून कुणीतरी घोषणा दिली एवढंच मोर्च्याला कळलं. दोन हजार मुठी वर गेल्या आणि रस्ता दणाणला, "आलाच पाहिजे! आलाच पाहिजे!" मामा दचकले, डबा कलला, आणि त्याच्या पोटातून 'भुडूक' असा आवाज होऊन भलामोठा बुडबुडा सुटला. "इलो रे इलो!" मामा नाचायला लागले. मी शपथेवर सांगतो, त्या सगळ्या चळवळीत इतक्या झटपट मान्य झालेली मागणी दुसरी नाही.

मामा गिरणीत फिटर होते आणि घरात त्यांनी माशांच्या टाकीला फिल्टर बसवला होता. फिटरचा फिल्टर कधी झाला हे कुणालाच आठवत नाही. आधी हाक बदलली, मग पत्रं त्या नावानं यायला लागली, शेवटी मामीसुद्धा "आमचे फिल्टर खंय गेले?" असं विचारू लागल्या. टाकी त्यांनी स्वतः बनवली होती. लोखंडी अँगल, चार काचा आणि सांध्यांत इतकी पुट्टी की तेवढ्यात एखादी झोपडी उभी राहिली असती. पण टाकीचं त्यांना कौतुक नव्हतं. मासे ठेवायला काय, लोक बरणीतही ठेवतात. त्यांचा जीव होता टाकीशेजारच्या त्या डब्यात.

डबा तुपाचा. तळाशी गोटे, त्यावर वाळू, त्यावर विटेचे तुकडे, मग लाकडी कोळसा आणि सगळ्यांत वर गिरणीतला टाकाऊ कापूस. झाकण हवाबंद, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं वायसर लावून चार बोल्टांनी आवळलेलं. डब्यातून दोन रबरी नळ्या निघत. एकीतून टाकीतलं मळकं पाणी डब्यात यायचं, सगळे थर पार करायचं आणि दुसरीतून निवळ होऊन टाकीत परतायचं. मात्र डब्यात हवा अडकली की पाणी जागच्या जागी थांबे. म्हणून तो ढेकर.

पाणी वर ओढायला पंप कुठला? मामांनी लॉरीची ट्यूब फुगवून जमिनीवर ठेवली, तिच्यावर फळी आणि फळीवर मामींचा वाटणाचा पाटा. वजनानं ट्यूबमधली हवा बारीक नळीतून हळूहळू सुटायची, परतीच्या नळीत बुडबुडे व्हायची आणि पाण्याला बरोबर घेऊन वर चढायची. चाळीचा नियमच झाला होता: मामांच्या दारावरून जाणाऱ्यानं सायकलपंपाचे दहा दट्टे मारूनच पुढं जायचं. पोस्टमन मारायचा, भय्या दूध घालून मारायचा. एक विमा एजंट तर बोलता बोलता चाळीस मारून गेला आणि मामांनी विमा घेतला नाही. मामी वाटण वाटायच्या ते त्याच पाट्यावर, ट्यूबवर झुलत. त्यांनी जोर लावला की टाकीत बुडबुड्यांचं तुफान उठे आणि मासे आनंदानं गिरक्या घेत. ते वाटण बांगड्याच्या तिखल्याचं असे, हे आम्ही माशांना कधी कळू दिलं नाही.

मामांना स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नाही. जेवताना ते चारदा उठत. पहिल्या घासाला नळी बघायला, दुसऱ्याला वायसर चाचपायला, भाताला डब्याला कान लावायला आणि ताकाला, आधी कान नीट लावला होता का ते बघायला. एकदा मी त्यांना समुद्रावरच्या मत्स्यालयात घेऊन गेलो. गर्दी माशांपुढं, मामा भिंतीपाशी उकिडवे. "झिला, बघ, बघ! काय सुंदर बेंड काढलोहा पायपाक!" तासाभरात त्यांनी एकही मासा पाहिला नाही. रखवालदारानं विचारलं, "काय शोधताय?" तर म्हणाले, "ह्यांची जाळी खंय आसा?" मामांना पाणी गाळायची जाळी हवी होती, त्याला मासे धरायची वाटली; त्यानं आम्हांला बाहेरची वाट दाखवली.

डबा धुण्याचं त्यांचं शास्त्र वेगळं होतं. महिन्यातून दोन रविवार, आणि तेव्हाही अर्धाच कापूस. तोही नळाखाली नाही. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात नुसता खळबळायचा. मी एकदा विचारलं, "मामा, घाण तशीच राहते की." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईला घाण म्हणालो. "घाण? अरे, ते कामगार! डोळ्यांका दिसणत नाय इतके बारीक. दिवसपाळी, रात्रपाळी करून माशांचा विष खातत. सगळ्यांका एकदम काढलंस तर गिरणीसारखा अख्खा खातां बंद! अर्धे जुने ठेव, अर्धे बदली घे. नवे जुन्यांकडनाच काम शिकतत." हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं देव जाणे. मी गिरगावातल्या छापखान्यात प्रूफं तपासायचो, शास्त्रावरच्या पुस्तकांचीसुद्धा. त्यांतल्या एकातही असं काही सापडलं नाही. म्हणून माझा त्यावर विश्वास बसला नाही. आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

माशांची नावं गिरणीतलीच. सगळ्यांना ढोसणारा तो जॉबर. कोपऱ्यात पडून असणारा टाइमकीपर. लाल तो बॉयलर. सडपातळ, सदा दुसऱ्याच्या जागेवर घुसणारा तो बदली. आणि पांढराफटक, नाक वर करून फिरणारा, खाणं टाकलं तरी आधी दुसऱ्यांनी खावं म्हणून थांबणारा तो साहेब. "खऱ्या सायबापेक्षा बरो," मामा म्हणायचे, "ह्यो तरी थांबता."

त्या दिवसांत चाळीतलं प्रत्येक बिऱ्हाड एकदा तरी तुरुंगात जाऊन आलं होतं. शेजारच्या कांबळेबाई गिरणीत वायंडिंगला होत्या. त्यांचे यजमान दोनदा जाऊन आलेले आणि तिसऱ्यांदा जायच्या तयारीत. फक्त मामा जात नव्हते. मोर्च्यात जायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे, पण पोलिसांची गाडी दिसली की डब्याच्या आठवणीनं पाय मागं यायचा. एके दिवशी नळावर कांबळेबाई बोलल्याच, "मामा, तुम्हांला जमत नसंल तर माशांना धाडा की सत्याग्रहाला! अश्रुधुराचं त्यांना काय, ते आधीच ओले." सगळा नळ हसला. मामाही हसले. पण त्या दिवशी जेवताना ते एकदाही उठले नाहीत. मामी घाबरून मला बोलवायला आल्या.

मामा भिंतीला टेकून उभे होते. "झिला, सत्याग्रहाचे एकवीस दिवस संभाळशील?"

"काय, मामा?"

"डब्यातला खातां."

मी छातीवर हात मारून हो म्हणालो. मग तीन दिवस माझं शिक्षण चाललं. नळी तोंडात धरून पाणी ओढायचं आणि तोंडात यायच्या आत बोट लावायचं. पहिल्या दिवशी मी टाकीतलं निम्मं पाणी प्यालो, मामा म्हणाले, "पोटात कामगार गेले, आता पचन बरा होतला." दुसऱ्या दिवशी झाकण तिरकं बसलं आणि अर्धी गॅलरी वाहून गेली. तिसऱ्या दिवशी डब्याला माझ्या खांद्यावर ढेकर आला. मामांनी मला मिठी मारली. दुसऱ्या सकाळी बंदीहुकूम मोडून ते पकडले गेले. गाडीत चढताना सगळे "संयुक्त महाराष्ट्र" ओरडत होते. मामा माझ्याकडं बघून दोन्ही हातांनी हवेत सायकलपंप मारत होते.

पहिला आठवडा मी देवासारखा डबा सांभाळला. आठव्या दिवशी चाळकमिटीनं ठरवलं, मामा सुटून येतील त्या दिवशी गॅलरीत पताका लावायच्या, जिने धुवायचे, खोलीला सफेदी. मग माझ्याही अंगात आलं. सगळी चाळ लखलखणार आणि मामांचा डबा मात्र काळाकुट्ट? मी चारही बोल्ट उघडले. आतला वास असा की शेजारची मांजर जिना उतरून परळला गेली. कापूस, कोळसा, सगळा तपकिरी गाळ उपसून फेकला. डबा चिंच लावून घासला, राखेनं घासला, सोड्यानं घासला. वाळू आणि गोटे नळाखाली तांदळासारखे सात पाण्यांतून काढले. वर कोरा शुभ्र कापूस. कांबळेबाई बघून म्हणाल्या, "एवढा घासलाय, भाऊ, आंदणात द्यायचाय का?"

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मी पंप मारला. चाळीनं पंप मारला. मामींनी नसलेलं वाटण वाटलं, कोरड्या पाट्यावर नुसता वरवंटा फिरवत. संध्याकाळपर्यंत जॉबर गेला, मग टाइमकीपर, मग बॉयलर. बदली आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जागेवर थांबला आणि तिथंच गेला. सगळ्यांत शेवटी साहेब, बाकीचे जाईपर्यंत थांबून.

मी भिंतीला डोकं टेकून बसलो. माझ्या भरवशावर तो माणूस तुरुंगात गेला होता. पहिल्यांदाच गेला होता.

"मामी," मी म्हणालो, "मामांना कळता कामा नये."

"मी काय वर्तमानपत्र आसंय?" मामी डोळे पुसत म्हणाल्या. "तू आधी जेव."

डब्याचं काय करायचं ते कांबळेबाईंनी सोडवलं. मी फेकलेला गाळ त्यांनी उचलून आपल्या मोगऱ्याच्या कुंडीत घातला होता. "तुझ्या मामांचे कामगार माझ्या मोगऱ्याखाली बसलेत," त्या म्हणाल्या आणि पळीनं तो ओला चिखल मला परत काढून दिला. मी तो कापसाच्या घडीत घालून डब्यात ठेवला. विश्वास आता बसला होता, फार उशिरा.

मग मासे. दुसऱ्याच दिवशी हरताळ. ट्राम बंद, बस बंद. मी लोणच्याची बरणी घेऊन क्रॉफर्ड मार्केटला चालत गेलो. दुकानाच्या फळ्या लावलेल्या. दुकानदाराला मागच्या दारानं गाठलं. जॉबर मिळाला, टाइमकीपर मिळाला, बॉयलर दोन मिळत होते. बदली तर कुठलाही चालला असता. साहेब मात्र मिळेना. शेवटी एक पांढरा निघाला, नाक वर, वागणूक तीच, पण शेपटीवर लाल ठिपका. तोच घेतला. परत येताना भायखळ्याला पोलिसांनी अडवलं.

"बरणीत काय? ॲसिड?"

"मासे."

"कुणाचे?"

"गिरणीतले," माझ्या तोंडून गेलं.

त्या शिपायानं बरणी उन्हात धरली, आत बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाला, "पळ. उन्हानं मरतील." मी भायखळ्यापासून लालबागपर्यंत बरणी पोटाशी धरून धावलो. त्या दिवशी शहरात ज्यानं ज्यानं मला पाहिलं त्यानं काहीतरी मोठं घडलं म्हणून दार लावून घेतलं.

नवे मासे जगले. पाणी निवळलं. मामी तुरुंगात भेटीला जाऊन आल्या; मी विचारलं, "काय म्हणतात?" तर म्हणाल्या, "ढेकर येता काय, विचारी होते."

एकविसाव्या दिवशी मामा आले. गळ्यात हार, मागं ताशा. हार जिन्यात कुणाच्या तरी गळ्यात घालून ते तीन-तीन पायऱ्या चढत वर आले आणि टाकीपुढं बसले. चक्क बसले, मांडी घालून. मामांनी एकेकाला हाक मारली. "काय जॉबर, दादागिरी कमी झाली? टायमकीपर, उठ." मग साहेबापाशी आले आणि काचेवर बोट ठेवलं, बरोबर ठिपक्यावर.

"सायबान शेपटेक कुंकू कधी लावल्यान?"

"तुमच्या स्वागताला, मामा," मी म्हणालो.

मामा इतके हसले की मामींना पाणी आणावं लागलं. मग त्यांनी डब्याला कान लावला आणि म्हणाले, "ह्या रविवारपासून डबो तूच धुवायचो." वर्षानुवर्षं मीच धुतला. अर्धाच कापूस, टाकीच्याच पाण्यात.

महाराष्ट्र झाला. मामांची नोकरी संपली. टाकी, डबा, ट्यूब सगळं माझ्या खोलीत आलं आणि मामा-मामी मालवणच्या बोटीनं गावी निघाले. भाऊच्या धक्क्यावर मी त्यांना पोचवायला गेलो. मामींना ट्रंकेवर बसवून मामा तेवढ्यातही बोटीचे पाईप बघून आले होते. बोटीनं शिट्टी दिली तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"मामा, तुम्ही तुरुंगात होता तेव्हा मी डबा घासला. तुमचे मासे मेले, सगळे. ते नंतरचे क्रॉफर्ड मार्केटचे होते."

मामा बोटीत चढायच्या फळीवर एक पाय ठेवून बोटीच्या चिमणीकडं बघत होते.

"माका ठावक होता," ते म्हणाले. "ही भेटीक इल्ली, तेव्हाच सांगल्यान."