जर्मनीतला मुहूर्त

मी जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून लोकांच्या वेबसाईट सांभाळते. कुंभारीच्या अलीकडे एक मंगल कार्यालय आहे, त्यांची वेबसाईटही माझ्याकडेच. मालक मेंढरं राखणाऱ्या घरातले. वडिलांनी कळप विकून ही जागा घेतली. मालकांनी तिच्यावर एवढा मोठा हॉल बांधला की आत बोललेलं दोनदा ऐकू येतं.

जुनी वेबसाईट त्यांच्या भाच्यानं केलेली होती. उघडली की सनई वाजायची आणि ती बंद करायची सोय त्यानं ठेवलीच नव्हती. मी नवी थीम तयार केली. थीम म्हणजे साईटचं रंगरूप: मजकूर तोच, कपडे नवे. थीम चढवण्यासाठी मी एक स्वयंचलित साधन जोडलं होतं. मी लॅपटॉपवरून बदल पाठवायचा, पुढचं सगळं ते करतं. फायली तपासतं, सर्व्हरवर नेऊन ठेवतं आणि शेवटी हिरवी खूण दाखवतं.

हे मी मालकांना कौतुकानं सांगितलं, तिथंच फसले.

"म्हंजे तुमी फकस्त बटण दाबणार?"

"हो. बाकी आपोआप होतं."

"मग तुमचं काम काय ऱ्हायलं, ताई?"

मी आधीच्या दोन आठवड्यांच्या कामाबद्दल बोलायला लागले, पण त्यांचं लक्ष उडालं होतं. आपोआप होणाऱ्या गोष्टीला निदान मुहूर्त तरी पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. माझ्यासमोरच त्यांनी गुरुजींना फोन लावला.

ठरल्या सकाळी मी स्कूटीवरून लॅपटॉप घेऊन गेले. नवरा-नवरीच्या त्या लाल मखमली खुर्च्यांसमोर टेबल मांडलं होतं. त्यावर नारळ, हळदीकुंकू आणि माझ्या लॅपटॉपसाठी झेंडूचा हार. हार लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीवर येत होता म्हणून मी तो बाजूला सरकवला, गुरुजींनी परत जागेवर आणला. बटण दाबायचा मान मालकांच्या आईचा. आजी हिरवं लुगडं नेसून तयार होत्या. त्यांनी बोटाला कुंकू लावलं आणि एंटर दाबलं. ते बटण अजून लालसर आहे.

साधन कामाला लागलं. ओळी सरकल्या, सगळे पडद्याकडे बघत राहिले आणि लाल फुली आली.

"लाल म्हंजे शुभच की," मालक म्हणाले.

शुभ नव्हतं. सर्व्हरवरची जागा भरली होती. मी आत शिरून बघितलं, तर भाच्यानं एका लग्नाचं अख्खं चित्रीकरण तिथं ठेवलेलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं, मध्ये कुठंही न कापता.

"हे काढून टाकू का?" मी विचारलं.

मालकांचा चेहरा उतरला. "आवं ताई, माज्या पोरीचं लगीन हाय त्ये. दुसरीकडं कुटं न्हाय. भाच्याचा कॉम्प्युटर जळाला."

मग आधी ते उतरवून घेणं आलं. मी कार्यालयाच्या वायफायवर डाउनलोड सुरू केलं. ते वायफाय वऱ्हाडी मंडळींना फोटो पाठवण्यापुरतं होतं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. गुरुजींनी पंचांग मिटलं आणि मुहूर्त टळल्याचं जाहीर केलं. मालक खुर्चीत बसले ते नवरीच्या बापासारखे.

आतून शेंगाच्या चटणीचा वास आला तसे गुरुजी जरा मऊ झाले. "तुमचा तो सर्व्हर," ते मला म्हणाले, "आहे कुठं?"

"जर्मनीत."

"तिथं आत्ता किती वाजलेत?"

"सकाळच आहे. ते आपल्यापेक्षा मागे असतात."

गुरुजींनी पंचांग परत उघडलं. "कार्य जिथं घडतं तिथली वेळ धरायची. मुहूर्त अजून यायचाय. तोवर जेवून घेऊ."

यावर कुणीच वाद घातला नाही. जेवायला कडक भाकरी आणि दही होतं, आणि गुरुजी तर खरोखर भुकेले होते. दुपार कलली तेव्हा लग्न पूर्ण उतरलं. मी पेनड्राइव्हवर त्याच्या दोन प्रती करून मालकांच्या हातात दिल्या. सर्व्हरवरची जागा रिकामी केली. जर्मनीत मुहूर्त लागला. आजींनी पुन्हा एंटर दाबलं आणि या वेळी हिरवी खूण आली. गुरुजींनी अक्षता टाकल्या, त्यातल्या काही अजून कळफलकात आहेत.

मालकांनी मोबाईलवर नवी साईट उघडून आईपुढं धरली. वरच हॉलचा मोठा फोटो होता. मी तो मोकळ्या दिवशी, उजेड बघून, मन लावून काढलेला. आजींनी बराच वेळ निरखून बघितलं.

"ह्यात माणसं कुटंयत?" त्या म्हणाल्या. "असल्या वसाड जागंत कोन पोरगी देईल?"

त्यांचं बरोबर होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी आचाऱ्याला, झाडणाऱ्या दोघी बायकांना आणि गुरुजींना हाक मारली. सगळ्यांना लाल खुर्च्यांमागं उभं केलं. स्वतः पदर सारखा करून नवरीच्या खुर्चीत बसल्या आणि शेजारच्या खुर्चीत लेकाला बसवलं.

"आये, ती नवऱ्याची खुर्ची हाय," मालक कुरकुरले.

"गप बस. काड गं पोरी फोटू."

मी काढला. जुन्या फोटोच्या जागी तो घातला आणि बदल पाठवून दिला. या खेपेला जर्मनीत किती वाजले होते, ते गुरुजींनी विचारलं नाही. ते हात धुवायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला, तो फोटो बदला म्हणून. पाठोपाठ आजींचा आला, बदलायचा नाही म्हणून. फोटो अजून तोच आहे. आजी ऐटीत बसल्यात, शेजारी मालक अवघडून, आणि मागं आचारी झारा घेऊन उभा. हॉलची चौकशी करायला लोक फोन करतात, तेव्हा आधी हसतात आणि मग तारखा विचारतात.