वाल्मिक पाळकांची फेरी

कशेळ्याचे वाल्मिक पाळक आयुष्यभर डोंगरातल्या वाड्यांवर पायी जाऊन उपासना घेत आले होते. आता गुडघे कुरकुरू लागले होते. अशात एका परदेशी चर्चचे पाहुणे खेड्यांतल्या पाळकांना मोटारसायकली द्यायला दहिवलीच्या मैदानात आले. अट एकच होती, मैदानाला एक फेरी नीट मारून दाखवायची.

वाल्मिक मोठ्या उत्साहाने निघाले. अर्धी फेरी होते तोच वाडीवरून खास आलेल्या एक आजीबाई ओरडल्या, "सलाम, पाळकसाहेब!"

सलामाला दोन्ही हात जोडून उत्तर द्यायची त्यांची जन्माची सवय. त्यांनी हँडल सोडून हात जोडले आणि गाडीसकट गवतात आडवे झाले.

"अहो, हँडल कशाला सोडलंत!" त्यांची बायको मार्था किंचाळली. अख्खं मैदान खो खो हसलं. पाहुण्यांनीही हसत हसत पुन्हा एक संधी दिली.

मार्थाने सगळ्यांना दटावलं, "फेरी होईस्तवर कुणी सलाम करायचा नाय हां!"

माणसं तोंड दाबून उभी राहिली. गाडी झोकात फिरून जागेवर आली, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि किल्ली वाल्मिकांच्या हातात पडली.

मार्था टुणकन मागे बसली. "चला घरी. वाटेतले सलाम मी घेते, तुमी फक्त रस्ता बघा."