सतार खाली ठेवा, जावईबापू

रत्नागिरीत सतार शिकवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पण त्या बोटांचीच काळजी वाहणारं माणूस सबंध कोकणात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोच्या मावशी. इतर गुरू शिष्याला सतार हातात कशी घ्यायची ते शिकवतात. मावशी आधी ती खाली ठेवायला शिकवतात आणि एवढं जमायलाच आम्हाला दोन-दोन महिने लागतात.

मावशींच्या पाया पडायला वाकावं, तर आशीर्वाद मिळायच्या आत आपलं मनगट त्यांच्या हातात गेलेलं असतं. मग त्या अंगठ्याचं मूळ दाबतात, पंजा उलटा करतात, कोपरापर्यंत बोटांनी चाचपत जातात आणि "इथे? आणि इथे?" असं विचारत राहतात. खेडला एका लग्नात आम्ही आहेर द्यायला स्टेजवर गेलो. मावशींनी पाकीट माझ्याकडे दिलं आणि नवऱ्यामुलाचा हात धरला. फोटोग्राफर खोळंबला. "अंगठा ताठलाय," मावशी म्हणाल्या, "दिवसभर मोबाइलवर टकटक करता ना? आता बायको मिळाली आहे, तिच्याशी तोंडाने बोला." नवरा लाजला, पण नवरीने चुडा मागे सारून आपलाही हात पुढे केला. ती बँकेत संगणकावर बसायची. पाठीमागे रांग पार जेवणाच्या मांडवापर्यंत गेली, तरी मावशींनी तिला मनगटाचे दोन व्यायाम शिकवूनच तिचा हात सोडला.

त्यांचा क्लास मांडवीच्या बाजूला, त्यांच्याच घरी असतो. एका रिकाम्या लाडवांच्या डब्यात गजराचं घड्याळ ठेवलेलं असतं. डबा स्टीलचा, त्यामुळे वीस मिनिटांनी गजर होतो तेव्हा घरात भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं. त्या क्षणी तुम्ही काय वाजवताय याला किंमत नाही. एकदा मी आयुष्यात पहिल्यांदाच एक मींड सुरात ओढली होती. तार पडद्यावर ताणून धरली होती, स्वर हवा तिथे पोचतच होता, आणि डबा खणखणला. "सोडा!" मावशी ओरडल्या. "मावशी, एवढा स्वर..." "स्वर कुठे पळत नाही. बोट पळतं." मग आम्ही सगळे अंगणात जायचो, खांदे फिरवायचो आणि हात सैल सोडून, ओले हात झटकावेत तसे झटकायचो. एकदा पोस्टमनला वाटलं, आठ माणसं आपल्यालाच बोलावताहेत. तो बिचारा सायकल टेकवून धावत आत आला. मावशींनी त्यालाही ओळीत उभं केलं. "आलाच आहात तर तुम्हीही झटका. रोज पिशवी एकाच खांद्यावर घेता, मी बघते." तेव्हापासून तो त्यांच्या फाटकाशी आला की पिशवीचा खांदा बदलतो आणि वळणापलीकडे गेला की पुन्हा पहिल्या खांद्यावर घेतो.

त्यांचा अंमल आमच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचलेला आहे. रियाजाच्या आधी नारळ खवायचा नाही, कोळंबी सोलायची नाही, पिळून धुणं वाळत घालायचं नाही. मिरकरवाड्यातली एक सून क्लासला येते. तिची सासू एके दिवशी तरातरा आली आणि दारातूनच म्हणाली, "काय वो बाय, माज्या सुनेला सतार शिकवताव, का काम नको करू म्हनून शिकवताव?"

"नारळ तुम्ही खवा की," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला कुठे सतार वाजवायची आहे?"

"माजी बोटं सकालची बधिर असतात. सुरीसुद्दा धरवत नाय."

झालं! भांडण तिथेच थांबलं. मावशींनी त्या बाईंना पाटावर बसवलं, हात पाहिला आणि स्वतः चप्पल घालून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. "दुखणं मला कळतं, बधिरपणा डॉक्टरला कळतो," असं त्यांचं म्हणणं. आता ती सासूही अंगणातल्या ओळीत हात झटकायला येते आणि नारळ घरातला मुलगा खवतो.

हे सगळं मी मजेने बघत होतो, कारण मी स्वतःला त्यातून वगळलं होतं. मी विमा कंपनीत आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी सतार धरली, आणि उशिरा सुरुवात केलेल्या माणसाला असते तशी मला घाई होती. त्यातच आमच्या भागातल्या मंडळाने वार्षिक कार्यक्रमात मला पंधरा मिनिटं दिली. मला झाला वाजवायचा होता. झाला म्हणजे सतारवादनाचा शेवटचा वेगवान भाग. उजव्या तर्जनीत घातलेली तारेची नखी तारांवर अशी नाचते की ज्याला संगीतातलं काही कळत नाही तोही टाळ्या वाजवतो. मला नेमक्या त्याच टाळ्या हव्या होत्या. रोज पहाटे उठून दारं लावून मी दोन-दोन तास हात चालवू लागलो. गजर नाही, अंगण नाही.

पंधराव्या दिवशी स्कूटरची किल्ली फिरवताना अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली. दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं बायकोने लावली. "मावशीला सांग," ती म्हणाली. मी शेजाऱ्यांनी दिलेलं तेल रगडून लावलं आणि आणखी जोरात वाजवलं. वाटलं, दुखणं थकेल आणि निघून जाईल.

त्या रविवारी मावशींकडे गेलो. त्यांनी कोकम सरबत पुढे केलं. मी पेला घेतला, आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"जावईबापू, पेला दोन्ही हातांनी धरायला ते काय तीर्थ आहे?"

"नाही... गार आहे ना."

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"खोटं बोलायला मनगट लागत नाही म्हणून बोलताय. हात इकडे करा."

त्यांनी माझा अंगठा मुठीत घातला, मनगट जरासं करंगळीकडे वाकवलं आणि मी खुर्चीतून उठलोच. मावशींनी माझा हात सोडला. माझ्या खिशातली नखी काढून घेतली, मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीत टाकली आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी तरुण होती, आणि मावशींना बघताच उठून उभी राहिली, त्यावरून त्यांचा जुना परिचय दिसला. अंगठ्याकडून मनगटात जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या सुजल्या आहेत, ती म्हणाली. पट्टा बांधायचा, हाताला विसावा द्यायचा, रगडायचं अजिबात नाही, आणि दुखणं उतरलं की अगदी थोड्यापासून सुरुवात करायची. "अंगठा फार दाबून धरता का?" तिने विचारलं.

"भोपळ्यावर नुसता टेकवायचा सांगितलाय," मावशी म्हणाल्या, "हे खांब रोवल्यासारखा रोवतात."

परतताना रिक्षात मी म्हणालो, "मावशी, कार्यक्रम दहा दिवसांवर आहे. एवढा होऊ दे. मग महिनाभर सतारीला हात लावणार नाही."

एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची पाच वाक्यं तयार असतात. त्या दिवशी भाट्याच्या खाडीकडून वारा येत होता आणि मावशींनी बाहेर बघत पदर ओढून घेतला. बोलल्या, ते रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

"हेच वाक्य मी तेविसाव्या वर्षी म्हटलं होतं. मुंबईला रेडिओची परीक्षा होती. रोज आठ तास वाजवायची. हात सुजला, तर वर फडकं बांधलं आणि वाजवलं. सगळे म्हणायचे, काय जिद्द आहे पोरीची!"

"मग? नापास झालात?"

"छे! पास झाले. पत्र आलं, घरात पेढे वाटले. आणि त्या दिवशी मला माझी वेणी घालता येईना. आईने घातली." त्या पुढे म्हणाल्या, "दोन वर्षं तीच घालत होती. हात आला परत, बराचसा आला. झाल्याचा वेग मात्र नाही आला. जावईबापू, त्या वेळी थांब म्हणायला कुणी नव्हतं हो. सगळे टाळ्याच वाजवत होते."

मी घरी आलो आणि मंडळाला फोन केला. माझ्या पंधरा मिनिटांत एका शाळामास्तरांनी बासरी वाजवली. ती चांगली वाजली, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढचे चार महिने मी मावशींचा कैदी होतो. पाचव्या आठवड्यात दोन मिनिटं वाजवायची परवानगी मिळाली. तीही एकेक तार, संथ. त्या थेट ऑफिसात फोन करायच्या. समोर एखादे ग्राहक मृत्यूनंतरच्या रकमेची चौकशी करत असायचे आणि मी फोनवर सांगायचो, "तीन मिनिटं." "दोन सांगितली होती." "जरा लांबलं." "उद्या एक!" साहेबांना बरेच दिवस वाटत होतं, की मला कसलंतरी पथ्याचं मोठं आजारपण आहे. दोनाची पाच झाली, पाचाची दहा. अंगठा टेकवायला शिकलो. आणि एक नवलही घडलं: रोज दहाच मिनिटं मिळत असल्यामुळे मी त्या दहा मिनिटांत आयुष्यात पहिल्यांदा काय वाजतंय ते ऐकायला लागलो.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्यासमोर वीस मिनिटं सलग वाजवलं. कळ नाही, ताण नाही. दुसरं कुणी आलेलं नव्हतं. मावशींनी मान हलवली आणि सतार मागून घेतली. त्यांनी आलाप सुरू केला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं वाजवताना ऐकलं नव्हतं; त्या नेहमी चार स्वर दाखवायच्या आणि सतार परत द्यायच्या. एकेक स्वर सावकाश येत होता, मनासारखा थांबत होता. मग लय आली, जरा वाढली, आणखी जरा वाढली. आता झाला येणार असं वाटलं आणि त्यांनी तारांवर तळवा ठेवला.

"पुढचं तुम्ही वाजवा," त्या म्हणाल्या.

मी वाजवलं. फार वेगाने नाही. माझ्याच्याने होतं तेवढं. मावशी डोळे मिटून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मध्येच माझी नजर त्यांच्या मांडीकडे गेली. पदराच्या आड त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी चालत होती. हलकी, अचूक, माझ्या दुप्पट लयीत. मी नजर खाली पडद्यांवर आणली आणि हात दुखत नव्हता तोवर वाजवत राहिलो.