कोठीतला पितळी घोडा

पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. एक दिवस तहसीलदारांनी बोलावून सांगितलं, नागपुरात राज्यपालांच्या कोठीत जिल्ह्याजिल्ह्यातल्या कलेच्या वस्तू मांडायच्या आहेत, तुमच्याकडचं काहीतरी चांगलं द्या. मला एकच वस्तू सुचली. गोंडांच्या देवघरातला, शेंदूर लावलेला, वीतभर उंचीचा पितळी घोडा, पाठीवर स्वार असलेला. गावचा भुमक, म्हणजे त्यांचा पुजारी, आधी नाहीच म्हणाला. मी दोन-तीनदा गेलो, तेव्हा म्हणाला, "तुमच्या शब्दावर देऊन राह्यलो, गुरुजी. माघातल्या पूजेले परत पाह्यजे."

मी हो म्हटलं. कागद असा काही केलाच नाही.

दिवाळीच्या सुमारास, छप्पन सालच्या भाषावार प्रांतरचनेत, आमचं जुनं राज्य मोडलं. आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी उठली. कोठीतलं सामान कुणी म्हणे भोपाळला चाललंय, कुणी म्हणे मुंबईला. माझं जेवणावरचं मन उडालं. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. भुमक लांबून दिसला की मी दुसरी वाट धरायचो.

पौषात रजा काढून नागपूर गाठलं. फाटकावरच्या शिपायानं बराच वेळ बसवून ठेवलं. आत दालनात अर्ध्या पेट्या बांधून झाल्या होत्या. हस्तिदंती डबे, चंदनाचे हत्ती, आणि त्यांच्या मागे मखमलीवर आमचा घोडा. इतका लखलखीत घासलेला की आधी मी ओळखलाच नाही. खाली चिठ्ठी होती : 'पितळी खेळणे, चांदा.'

"हा देव आहे, साहेब," मी तिथल्या कारभाऱ्यांना म्हणालो. "परत न्यायला आलोय."

"पावती?"

"नाही."

"मग तुमचाच कशावरून?"

मी घोड्याकडे बोट केलं. "स्वाराचा डावा हात बघा. ओततानाच अर्धा राहिलाय."

त्यांनी घोडा उचलून उजेडात धरला. हात आखूडच होता. एका कागदावर माझी सही घेतली आणि घोडा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. चांदा येईपर्यंत गाडीत मी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

भुमकानं तो हातात फिरवून फिरवून पाहिला.

"शेंदूर कुठी गेला?"

"तिथं घासला कुणीतरी."

"काऊन?"

खेळणं समजून, हे मी त्याला सांगितलं नाही. तो घोडा घेऊन आत गेला.

माघात पूजा झाली, ढोल शाळेपर्यंत ऐकू येत होते. मला बोलावणं आलं नाही. त्या गावात मी आणखी तीन वर्षं काढली. वाटेत भेटला की तो जोहार करायचा, पण थांबायचा मात्र नाही.