रोह्याच्या परिषदेचं उद्घाटन मी केलं

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. हसणार तुम्ही, मला माहीत आहे, आणि मग तो सांडणार. तर झालं असं, की रोह्याला एका परिषदेचं उद्घाटन माझ्या हातून झालं. माझ्या म्हणजे कोणाच्या? पेणच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, दाराची कडी वाजली तरी दचकणाऱ्या माझ्या.

परिषदेचा विषय होता ‘उच्च शिक्षणातील तंत्रज्ञान आणि नेतृत्व’. आमच्या प्राचार्यांनी मला निबंध वाचायला पाठवलं आणि वर हळूच म्हणाले, “मॅडम, जूनमध्ये नेमणुकांच्या वेळी मला तुमचं नाव घ्यायचंय. तिथं जरा नीट दिसा.”

तासिकावाल्यांना जून म्हणजे काय, हे वेगळं सांगायला हवं का? वर्षभर ज्या वर्गात आपण हक्काने ओरडतो, त्याच कॉलेजात जूनमध्ये पुन्हा अर्जदार होऊन बाकावर बसतो. तेव्हा नीट दिसायचं, एवढं एकच काम घेऊन मी सकाळच्या एसटीने रोह्याला पोचले. प्राचार्य मागून येणार होते. प्रमुख पाहुणे मुंबईहून येताना त्यांना पेणच्या रामवाडी स्टँडवरून गाडीत घेणार होते.

सभागृह भरलेलं. स्टेजवर मोठा पडदा, टेबलावर लॅपटॉप. पाहुण्यांचा मात्र पत्ता नाही. गाडी वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

मला दुसरीच धास्ती. माझ्या स्लाइडवरचं मराठी तिथल्या लॅपटॉपवर मराठीच दिसेल की नुसते चौकोन येतील? एकदा असे चौकोन आले होते आणि मी भर वर्गात ते वाचायचा प्रयत्न केला होता. म्हटलं, पाहुणे यायच्या आत तपासून घ्यावं. स्टेजवर गेले, पेनड्राइव्ह लावला. काही होईना, म्हणून एक बटण दाबलं. साधं, एंटरचं.

मोठ्याने शंख वाजला.

मी वर बघते तर पडद्यावर मखमली पडदे सरकतायत, मधे ही एवढी समई, आणि तिच्या वाती एकेक करून पेटतायत. मग सनई. मग फुलांचा पाऊस. शेवटी सोनेरी अक्षरं: ‘मान्यवरांच्या शुभहस्ते उद्घाटन संपन्न’.

तंत्रज्ञानाची परिषद ना, म्हणून दीपप्रज्वलनही तंत्रज्ञानाने होतं. पाहुण्यांनी येऊन तेच बटण दाबायचं होतं.

आणि सभागृहाने काय करावं? सवयीने सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. मी काय करावं? मी टेबलाखाली गेले. विचार करून नाही. पायांनी परस्पर ठरवलं.

“कोणी लावला दिवा?” हा आवाज संयोजक पाटील सरांचा. मग टेबलाचा कपडा वर झाला आणि तिथल्याच, रोह्याच्या कॉलेजमधल्या नाझिया मॅडमचा चेहरा आत आला.

“हितं काय करतेस गो?”

“पेनड्राइव्ह पडला.”

“पेनड्राइव्ह वर लॅपटॉपला हाय. निघ बाहेर, कोण खात नाय तुला.”

बाहेर आले तर प्रश्न वेगळाच होता. पुन्हा उद्घाटन करायचं तर आधी हा दिवा बंद करायला हवा. म्हणजे, भरल्या सभेत, पेटलेला दिवा विझवायला हवा.

“तुम्ही करा सर,” एक जण पाटील सरांना म्हणाला.

“मी? माझ्या घरी लग्न आहे पुढच्या महिन्यात. तुम्ही करा.”

“मला कशाला सांगता? ज्यांनी लावला त्यांना सांगा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझाही हात उठेना. खोटा दिवा होता हो, वीज गेली असती तर आपोआप विझला असता. पण विझवणारा हात आपला असू नये, हे आम्हा सगळ्यांच्या आत इतकं खोल बसलेलं, की नेतृत्वावर बोलायला जमलेल्या माणसांत एक बटण दाबायला कोणी पुढे येईना. मी त्या गर्दीत उभी राहून पहिल्यांदाच विचार केला, नेतृत्व म्हणजे बहुधा एवढंच असेल. नको असलेलं बटण दाबणं.

शेवटी नाझिया मॅडम पुढे झाल्या. “अरे, स्टाफरूममधली पितळी समई आणा ना. पाव्हणे ती लावतील. मागचा जळतोय तो जळू दे, डेकोरेशन म्हणायचं.”

समई आली, तेल आलं, पाहुणेही आले. मागोमाग आमचे प्राचार्य. पाहुण्यांनी समई लावली, मागच्या पडद्याकडे शांतपणे पाहिलं आणि भाषण सुरू केलं. “आजच्या शिक्षणाचं चित्र तुमच्या स्टेजवर आहे. तंत्रज्ञान वेळेवर पोचतं. नेतृत्व वडखळला अडकलेलं असतं.”

सभागृह खूश. पाटील सर खूश. मला वाटलं, सुटले. माझा निबंधही बरा झाला, पाहुणे तेव्हा चहाला गेले होते आणि चौकोन आले नाहीत. नीट दिसले मी, अगदी नीट. मनातल्या मनात जूनचं हजेरीपत्रकसुद्धा उघडलं.

जेवणाच्या रांगेत प्राचार्य शेजारी आले. पुढे बघतच म्हणाले, “मॅडम, कार्यक्रम ऑनलाइनही होता.”

“हो का सर?”

“गाडी हलत नव्हती. पाहुणे म्हणाले, बघू तरी काय चाललंय. माझ्या मोबाइलवर बघितलं आम्ही दोघांनी. शंखापासून.”

मला पापड उचलवेना.

“टेबलाखालून तुमची चप्पल दिसत होती. बराच वेळ.”

“पण सर, तुमच्याकडे लिंक कशी आली?”

“तुम्हीच पाठवलीत सकाळी. खाली लिहिलंत, ‘सर, अवश्य पाहावे.’”

मी खालच्या आवाजात विचारलं, “पाहुणे काही म्हणाले?”

“विचारत होते, ह्या बाई कोण. मी म्हटलं, रोह्याच्याच असतील.”

“आणि सर, जूनचं?”

“घेईन तुमचं नाव, सांगितलंय ना. फक्त पाहुणे गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलू नका.”

मी मान डोलावली, ताट उचललं आणि नाझिया मॅडमच्या शेजारी जाऊन बसले, रोह्याचीच असल्यासारखी.