बुडबुडे, डाग आणि शोभाताई

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी साचतात, काचेचे तुकडे आणि किस्से. तुकडे भंगारवाला नेतो. किस्से कुणीच नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

देवळीजवळ आमचं काम चालतं. रंगीत काचेचे तुकडे मांडायचे, विजेच्या भट्टीत वितळवून एकजीव करायचे, की भिंतीवर लावायची शोभेची टाईल तयार! तयार म्हणजे आमचे मालक गजूभाऊ यांच्या मते. खरं तर तिथून पुढे माझं आणि शोभाताईचं काम सुरू होतं. कुठे बुडबुडा, कुठे पांढुरका धुरकटपणा, कुठे खरखर. पाणी टाकून घासा, धुवा, पुसा, चकाकी यायला पुन्हा भट्टीत द्या. निघाली की पुन्हा बघा. पुन्हा घासा. पाठ दुखते हे सांगणंही आम्ही कधीच सोडलंय.

*

भट्टी पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायची नसते. गजूभाऊंना धीर धरवत नाही. "जरासं पाहून घेतो," म्हणत एकदा त्यांनी झाकण उचललंच. आतून आवाज आला, टण्! टाईल मधोमध चिरली.

शोभाताईनं मानसुद्धा वर केली नाही. "भाऊ, पोळी हाय का ते, घडीघडी उलटून पाहाले?"

*

नागपूरच्या एक इंटिरियरवाल्या मॅडम आल्या. आम्ही बाजूला टाकलेली बुडबुड्यांची टाईल त्यांनी उचलली. "वॉव! हे तर आर्ट आहे! मला सगळ्या अशाच पाहिजेत."

गजूभाऊ खूश! इतकी वर्षं बुडबुडे घालवणाऱ्या आम्ही आता बुडबुडे आणायला बसलो. भट्टी उघडली, तर सगळ्या टाईल्स आरशासारख्या गुळगुळीत.

शोभाताईनं कपाळाला हात लावला. "बोलावलं तं येत नाई. जवाईच हाय तो!"

*

भर उन्हाळ्यात, भट्टी तापत असताना लाईन गेली. आतली काच अर्धवट वितळलेली. म्हणजे पुन्हा आमच्याच नशिबी घासणं. गजूभाऊंनी ओळखीच्या लाईनमनला फोन लावला.

"काऊन गेली लाईन?"

"येऊन राह्यली भाऊ."

"कुठवर आली?"

"आर्वी सोडली!"

शोभाताई पदरानं वारा घेत म्हणाली, "मंग पुलगावले चहा प्यायले थांबन."

*

काचेला बोट लागलं आणि ती तशीच भट्टीत गेली, तर डाग पक्का बसतो. एकदा शोभाताईच्या अंगठ्याचा बसला. घासला, निघेना.

दुसऱ्या दिवशी ती आधी रेशनला गेली. या कामानं बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मशीन अंगठा घेईना. रिकामी पिशवी घेऊन ती तशीच कामावर आली. कालची टाईल पुढे ओढली.

"इथं मिटत नाई, अन् तिथं उमटत नाई," म्हणाली, आणि घासायला लागली.

*

रोहण्याच्या एका मास्तरांनी नव्या घराच्या दाराशी आईच्या नावाची निळी टाईल लावली. थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "आई म्हणते, टाईल धुरकट हाय."

गजूभाऊंनी पॉलिशचं सामान देऊन आम्हा दोघींना पाठवलं. पुलगावला एस.टी. बदलली, पुढे उभ्यानंच गेलो.

टाईल स्वच्छ होती. समोरचं कडुनिंबाचं झाड तिच्यात दिसत होतं! मास्तर ओशाळले. "मले तं साफच दिसते. पण आई ऐकतच नाई."

तेवढ्यात म्हातारी चौकट चाचपत बाहेर आली. "पाह्य ना बाई, किती धूर हाय त्याच्यावर!"

मी काही बोलणार, तोच शोभाताईनं फडकं ओलं केलं आणि टाईल पुसायला घेतली. सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग म्हातारीचा हात धरून काचेवरून फिरवला.

"आता पाहा आजी."

म्हातारीचा चेहरा खुलला. "हां! आता कशी चकचकीत झाली!"

आम्ही सामान भरलं. निघणार, तर तिनं मास्तरांचा दंड चाचपून धरला आणि त्यांना शोभाताईपुढे उभं केलं.

"एवढी आलीच हायस बाई, तं माह्या लेकाचं तोंडही जरासं पुसून देजो."